सोव्हिएत रॉकेट जर्मनांनी आयतं दिलेलं नव्हतं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अंतराळयुगावर आलेला लेख वाचला. लेख ओघवता आहे, छायाचित्रंही नीट निवडलेली आहेत. पण सोव्हिएत रॉकेटांवरचा परिच्छेद वाचून गप्प बसवेना. दुसरं महायुद्ध संपल्यावर वरच्या फळीतले जर्मन रॉकेटतज्ज्ञ अमेरिकेला मिळाले, उरलेले रशियाने उचलून नेले आणि त्यांच्याच व्ही-२ या युद्धातल्या रॉकेटाला मोठं करून स्पुतनिक हा पहिला उपग्रह उडवला, असा त्या परिच्छेदाचा मथितार्थ आहे. ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की शाळेतले शिक्षकही मुलांना तेच सांगतात. ती का चुकीची आहे, हे मला सविस्तर मांडायचं आहे. पत्र लांबणार, त्याबद्दल आधीच विनंती करतो की जमेल तेवढं छापावं.

मी शास्त्रज्ञ नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका खासगी कारखान्यात ब्रेझिंग शॉपला हेल्पर म्हणून लागलो आणि तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झालो. ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेल्डिंगमध्ये दोन्ही भाग वितळवून एक करतात. ब्रेझिंगमध्ये मूळ भाग वितळत नाहीत. त्यांच्या फटीत कमी तापमानाला वितळणारा तिसरा धातू, म्हणजे फिलर, ओढला जातो आणि तो जोड पकडतो. आयटीआयला असताना पुस्तक प्रदर्शनात मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं अगदी थोड्या पैशांत मिळायची. तिथून मला रॉकेट इंजिनांचा नाद लागला, तो आजवर सुटलेला नाही. पुढे बोरिस चेरतोक या सोव्हिएत अभियंत्याच्या चार खंडांतल्या आठवणी नासाने इंग्रजीत काढल्या, त्या मुलाने मला संगणकावर उतरवून दिल्या. डिक्शनरी शेजारी ठेवून मी त्या वाचल्या. खाली लिहितो आहे ते बरंचसं त्यातलं आहे, आणि थोडं माझ्या भट्टीवरच्या अनुभवातलं.

आधी जर्मनांचं बघू. व्ही-२ बनवणारा भुयारी कारखाना नॉर्डहाउझेनजवळ होता. तिथे आधी पोचलं ते अमेरिकन सैन्य. सुमारे शंभर रॉकेटांचे भाग आणि कागदपत्रं घेऊन ते निघून गेलं. व्ही-२ चा मुख्य अभियंता फॉन ब्राउन आणि त्याची मुख्य माणसं अमेरिकनांकडेच होती. जुलै १९४५ मध्ये तो प्रदेश सोव्हिएत ताब्यात आला तेव्हा हाती लागलं ते मागे राहिलेलं: सुटे भाग, अर्धवट नकाशे आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले लोक. चेरतोक तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. त्यांनी ब्लायशेरोड गावात एक संस्था काढून जर्मन आणि सोव्हिएत तंत्रज्ञांना एकत्र बसवलं आणि तुकडे जुळवायला घेतले. पुढे सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य संरचनाकार झालेले सर्गेई कोरोलेव्हही तिथेच आले. २२ ऑक्टोबर १९४६ ला पहाटे जर्मन तंत्रज्ञांना बायकामुलांसकट आगगाड्यांत बसवून सोव्हिएत देशात नेलं, हे खरंच आहे. त्यांची मर्जी कुणी विचारली नव्हती.

पण पुढे काय झालं? हेल्मुट ग्रोट्रुप या जर्मन अभियंत्याच्या गटाला सेलिगर सरोवरातल्या गोरोडोम्ल्या बेटावर ठेवलं. त्यांना प्रश्न दिले जात, त्यांची उत्तरं आणि आराखडे घेतले जात. सोव्हिएत अभियंते काय बनवत आहेत हे मात्र त्यांना दाखवलं जात नसे. त्यांनी काढलेलं एकही मोठं रॉकेट कागदावरून उठून मैदानात आलं नाही. १९५१ पासून त्यांना परत पाठवायला सुरुवात झाली आणि १९५३ च्या अखेरीस शेवटची माणसं गेली. ज्या आर-७ रॉकेटाने स्पुतनिक नेला, ते बनवण्याचा सरकारी आदेश २० मे १९५४ चा आहे. जर्मन गेल्यानंतरचा.

जर्मनांकडून काहीच घेतलं नाही, असं मी म्हणणार नाही. पहिलं सोव्हिएत रॉकेट आर-१ ही व्ही-२ ची हुबेहूब नक्कल होती. कोरोलेव्हना ती नको होती, त्यांना थेट पुढचं रॉकेट बनवायचं होतं, पण स्टालिनचा हुकूम नक्कल करण्याचाच होता. आणि नक्कल करताना नेमकं घोडं पेंड खाऊ लागलं ते मालावर. चेरतोक लिहितात की व्ही-२ साठी जर्मनांनी शहाऐंशी प्रकारचं पोलाद वापरलं होतं. सोव्हिएत गिरण्यांना त्यातल्या बत्तीस प्रकारांनाच जुळणारं पोलाद देता आलं. तांबं-ॲल्युमिनियम वर्गातले धातू एकोणसाठ होते, त्यातले एकवीस मिळाले. रबराच्या सीलपासून गॅस्केटपर्यंत तीच रड.

या आकड्यांवर मी बराच वेळ थांबलो होतो. ड्रॉइंग हातात आहे, पण ड्रॉइंगमध्ये लिहिलेला माल बाजारात नाही, ही अडचण शॉपमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्याकडे फिलरचा पुरवठादार बदलला तरी भट्टीचं तापमान, जॉब आत ठेवायचा वेळ, फटीचं माप, सगळं पुन्हा बसवावं लागे. आठ-आठ दिवस रिजेक्शनच्या ट्रे भरत. इथे तर पोलादाचे चौपन्न प्रकार बदलायचे होते. एक पोलाद बदललं की त्याचं वेल्डिंग बदलतं, थंडीतलं वागणं बदलतं, द्रवरूप ऑक्सिजनच्या उणे १८३ अंशांत ते ठिसूळ होतं की टिकतं हे नव्याने तपासावं लागतं. १० ऑक्टोबर १९४८ ला कापुस्तिन यार या रशियातल्या चाचणी मैदानावरून आर-१ नीट उडालं, तेव्हा नक्कल दिसायला जर्मन होती. तिच्या आतला धातू आणि तो घडवणारे हात सोव्हिएत होते. तो उद्योग उभा राहणं, हीच त्या नक्कलेची खरी कमाई. तिथून पुढे आर-२ चा पल्ला सहाशे किलोमीटरचा झाला, आर-५ चा बाराशेचा, आणि २ फेब्रुवारी १९५६ ला आर-५एम अणुबॉम्ब डोक्यावर घेऊन उडालं व ठरल्या जागी त्याचा स्फोट झाला. जगात रॉकेटावरून जिवंत अणुबॉम्ब नेऊन फोडल्याची ती पहिली वेळ.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. व्ही-२ चं इंजिन मद्यार्क आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालायचं. मद्यार्कात पाणी मिसळलेलं असे, त्यामुळे ज्वाळा जरा थंड राही आणि दहनकक्षाची जाड पोलादी भिंत टिकून जाई. सोव्हिएत इंजिनं बनवणारे व्हॅलेन्तिन ग्लुश्को यांना मद्यार्क सोडून केरोसीन जाळायचं होतं, कारण त्यात ताकद जास्त. पण केरोसिनची ज्वाळा तीन हजार अंशांच्या पुढे जाते आणि दाब व्ही-२ च्या कित्येक पट ठेवायचा होता. जाड पोलादी भिंत तिथे वितळूनच गेली असती, कारण जाड पोलादातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. भिंत पातळ हवी आणि ती तांब्याच्या मिश्रधातूची हवी. पण पातळ तांबं एवढा दाब सोसणार कसं?

उत्तर निघालं ते ब्रेझिंगमधून. आतली भिंत क्रोमियम मिसळलेल्या कांशाची, पातळ. तिच्या बाहेरच्या अंगावर मिलिंग करून शेजारी शेजारी खाचा पाडल्या. काही भागांत खाचांऐवजी दोन भिंतींच्या मध्ये नालीदार पत्रा घातला. त्यावर पोलादी कवच चढवलं. मग खाचांमधला प्रत्येक कंगोरा कवचाला ब्रेझ केला. खाचांतून केरोसीन वाहत जातं, भिंतीची उष्णता उचलतं आणि मग वर जाऊन जळतं. दाब पडतो तो पोलादी कवचावर, कारण पातळ भिंत शेकडो कंगोऱ्यांनी त्याला बांधलेली आहे.

हे वाचायला सोपं वाटतं. एकदा असा जोड कापून, पॉलिश करून भिंगाखाली बघा. दोन धातूंच्या मध्ये फिलरची रेघ दिसते, केसाहून बारीक. ती सलग चमकत असेल तर जोड पास. मध्ये एक काळा ठिपका दिसला तर तिथे फिलर पोचलेला नाही. आमच्या जॉबला असा एखादा ठिपका चालून जायचा, फार तर गळती व्हायची आणि माल परत यायचा. रॉकेटाच्या दहनकक्षात तो ठिपका म्हणजे तेवढी भिंत कवचापासून सुटलेली. दाबाने ती आत फुगणार, तिथला केरोसिनचा प्रवाह बिघडणार आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत भिंतीला भोक पडणार. आर-७ च्या उड्डाणाला असे वीस मुख्य दहनकक्ष एकाच वेळी पेटतात. शिवाय दिशा वळवणारे बारा लहान वेगळे. त्या भट्ट्यांवर उभ्या राहिलेल्या माणसांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वीस कक्ष का, तर मोठा एकच कक्ष बनवायचा प्रयत्न फसला म्हणून. कक्ष मोठा केला की आत दाबाची अशी जोरदार कंपनं सुरू होत की इंजिन स्वतःलाच फोडून टाकी. अमेरिकनांनाही पुढे चंद्राच्या रॉकेटाच्या इंजिनात हीच डोकेदुखी झाली. त्यांनी कक्षात इंधन फवारणाऱ्या तबकडीवर पडदे बसवून ती सोडवली. ग्लुश्कोंनी दुसरी वाट धरली. लहान चार कक्ष घ्यायचे आणि त्यांना मिळून इंधन ढकलणारा एकच टर्बोपंप द्यायचा. आरडी-१०७ हे ते इंजिन. कोरोलेव्ह आणि त्यांचे सहकारी मिखाईल तिखोनरावोव्ह यांच्या कल्पनेप्रमाणे अशी पाच इंजिनं पाच खंडांत बसवली, मधला एक आणि बाजूला चार. उंचीवर, हवा नसताना इंजिन पेटेलच याची तेव्हा खात्री नव्हती, म्हणून पाचही जमिनीवरच पेटवायची. पेटवायची कशाने? लाकडी काठ्यांवर बसवलेल्या, फटाक्यांच्या दारूसारख्या मिश्रणाच्या पुड्यांनी. त्या काठ्या खालून दहनकक्षांत खोचतात. आणि रॉकेट बुडावर उभं राहत नाही. व्लादिमिर बार्मिन यांनी बांधलेल्या तळावर चार पोलादी बाहू त्याला कमरेशी धरून ठेवतात, आणि ते वर उठू लागलं की बाहू मागे लावलेल्या प्रतिवजनांनी आपोआप मागे पडतात. यातली एक तरी गोष्ट व्ही-२ मध्ये दाखवा.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे, आणि ती जर्मनांच्या मुद्द्याइतकीच महत्त्वाची आहे. आर-७ अंतराळासाठी बनलं नव्हतं. ते अमेरिकेवर हायड्रोजन बॉम्ब टाकण्यासाठी बनलं. १९५३ मध्ये बॉम्ब बनवणाऱ्यांनी कळवलं की पुढचा बॉम्ब मोठा असेल, तर रॉकेटाच्या अग्रभागाचं वजन साडेपाच टन धरा. आधी तीन टन धरलं होतं. सगळी आकडेमोड नव्याने झाली आणि सुमारे पावणेतीनशे टनांचं अवाढव्य रॉकेट उभं राहिलं. पुढे बॉम्ब हलके झाले, पण रॉकेट झालं होतं ते झालं. अमेरिकेने आपली क्षेपणास्त्रं हलक्या बॉम्बच्या हिशेबाने लहान ठेवली होती. म्हणून पहिली काही वर्षं सोव्हिएत उपग्रह मणभर आणि अमेरिकन शेरभर, असं चित्र दिसलं. ८३.६ किलोचा स्पुतनिक, महिन्याभरात पाचशे आठ किलोचा दुसरा, १९५८ च्या मे महिन्यात तेराशे सत्तावीस किलोचा तिसरा. त्यामागे अंतराळाची दूरदृष्टी होती असं लिहिणं म्हणजे निम्मीच गोष्ट सांगणं आहे. कोरोलेव्ह आणि तिखोनरावोव्ह यांना ती दृष्टी नक्की होती, ते तरुणपणापासून त्याच ध्यासाने झपाटलेले होते. पैसा आणि पोलाद आलं ते बॉम्बसाठी.

आणि क्षेपणास्त्र म्हणून आर-७ फारसं कामाचं ठरलं नाही. ऑक्सिजन सतत उडून जातो, त्यामुळे ते भरून तयार ठेवता येत नसे. तयारीला तासन् तास लागत. तळही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच बांधले गेले. १९६८ पर्यंत लष्कराने ते काढून टाकलं. मात्र त्याच पाच खंडांच्या रॉकेटाने युरी गागारिनला नेलं, राकेश शर्मांना ३ एप्रिल १९८४ ला नेलं, आणि त्याचेच वंशज सोयुझ नावाने आजही माणसं घेऊन जातात.

१९५७ चा तो उन्हाळा कसा गेला, हेही वाचकांना कळायला हवं. १५ मे ला पहिलं आर-७ उडालं आणि दीड-पावणेदोन मिनिटांत पडलं. एका बाजूच्या खंडात केरोसीन गळत होतं, सुटतानाच तिथे आग लागली होती. जूनमधलं रॉकेट तळावरून उठलंच नाही; इतर भानगडींबरोबर नायट्रोजनचा एक व्हॉल्व्ह चुकीचा बसवलेला निघाला. १२ जुलैचं अर्ध्या मिनिटात स्वतःभोवती गरागरा फिरून फुटलं. कारण निघालं नियंत्रण यंत्रणेतलं शॉर्टसर्किट. गळती, उलटा व्हॉल्व्ह, शॉर्टसर्किट. यात कुठलंही गूढ विज्ञान नाही. ही कारखान्यातली रोजची दुखणी आहेत, आणि ती दूर झाली ती एकेक जोड, एकेक तार पुन्हा तपासून. २१ ऑगस्टला रॉकेट कामचात्कापर्यंत गेलं. तरी रॉकेटाच्या टोकावरची नकली बॉम्बची टोपी वातावरणात शिरताना तुकडे तुकडे झाली. नवी टोपी बनवायला महिने लागणार होते. त्या मधल्या वेळेत तयार रॉकेटांवर उपग्रह बसवू द्या, असा आग्रह कोरोलेव्हनी धरला आणि ४ ऑक्टोबरला स्पुतनिक गेला.

या माणसांनी हे कुठल्या परिस्थितीत केलं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्लुश्कोंना मार्च १९३८ मध्ये अटक झाली, कोरोलेव्हना जूनमध्ये. त्यांच्या संस्थेचे प्रमुख क्लेयमेनोव्ह आणि कात्युशा अग्निबाणांवर काम करणारे लांगेमाक यांना त्या आधीच जानेवारीत गोळ्या घालून मारलं होतं. खोटे आरोप, मारहाण करून घेतलेले जबाब. कोरोलेव्ह कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत पाठवले गेले. तिथल्या उपासमारीत त्यांचे दात गेले. पुढे त्यांना तुरुंगातल्याच अभियांत्रिकी कचेऱ्यांत कामाला लावलं आणि १९४४ मध्ये सोडलं. त्यांच्यावरचा कलंक कागदोपत्री पुसला गेला तो १९५७ मध्ये, म्हणजे स्पुतनिकच्याच वर्षी. त्यानंतरही त्यांचं नाव छापायला बंदीच होती. वर्तमानपत्रांत ते फक्त ‘मुख्य संरचनाकार’ असत. जानेवारी १९६६ मध्ये ते गेले, तेव्हा लोकांना नाव कळलं.

आणि २४ ऑक्टोबर १९६०. मिखाईल यांगेल यांच्या आर-१६ या नव्या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी होती. त्याचं इंधन ऑक्सिजनसारखं उडून जात नाही, पण जहाल विषारी आणि दोन द्रव एकत्र आले की आपोआप पेट घेणारं. आदल्या दिवशी बिघाड निघाला. टाक्या भरलेल्या होत्या. नियमाने त्या रिकाम्या करून मगच दुरुस्ती करायला हवी होती. त्यात वेळ गेला असता, आणि ७ नोव्हेंबरचा क्रांतिदिन जवळ आला होता. भरल्या रॉकेटावरच काम सुरू ठेवलं. क्षेपणास्त्र दलाचे सरसेनापती मार्शल नेदेलिन स्वतः खुर्ची टाकून रॉकेटाजवळ बसले, मग इतर कुणाची लांब जायची काय टाप? उड्डाणाला अर्धा तास असताना एक विद्युत यंत्रणा मूळ जागी फिरवली गेली, तिच्यातून दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनाला संकेत गेला आणि ते वरच्या वर पेटलं. त्याच्या ज्वाळेने खालची भरलेली टाकी फोडली. शंभराच्या आसपास माणसं जळाली, त्यात नेदेलिनही. यांगेल त्या क्षणी सिगारेट ओढायला खंदकात गेले होते म्हणून वाचले. सरकारने सांगितलं, मार्शल विमान अपघातात गेले. बाकीच्यांचा उल्लेखही नाही. तीस वर्षं होत आली तेव्हा, १९८९ मध्ये, सोव्हिएत वाचकांना खरी हकिगत वाचायला मिळाली.

डिस्पॅचची तारीख आली म्हणून गरम भट्टीची गॅस लाइन उघडायला सांगणारे साहेब मी पाहिले आहेत. मी नकार दिला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. म्हणून त्या मैदानावरच्या तंत्रज्ञांचा मला राग येत नाही. मार्शल समोर बसला असताना नाही म्हणणं सोपं नव्हतं. राग येतो तो खुर्ची टाकणाऱ्याचा, आणि पुढे खोटं छापणाऱ्यांचा.

माणूस चंद्रावर नेण्यासाठी बनवलेल्या सोव्हिएत एन-१ रॉकेटाबद्दल आपल्या लेखात पुरेसं आलं आहे. चार उड्डाणं, चारही फसली. एवढीच भर घालतो की पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं होती आणि तो आख्खा टप्पा एकत्र पेटवून पाहायला जमिनीवर स्टँडच बांधला नव्हता. कोरोलेव्ह आणि ग्लुश्को इंधनावरून भांडून वेगळे झाले होते, ती फूटही नडली.

आता आपल्याकडचा संबंध, ज्यासाठी हे पत्र लिहायचं मनावर घेतलं. आर्यभट उपग्रह बंगळुरूच्या पीण्या भागात बनला हे आपण मुलांना सांगतो. दोन रुपयांच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. पण १९ एप्रिल १९७५ ला त्याला वर नेलं कुणी? सोव्हिएत रॉकेटाने, एवढंच छापलं जातं. ते रॉकेट कॉसमॉस-३एम. त्याचा पहिला टप्पा म्हणजे यांगेल यांच्या कचेरीने बनवलेलं आर-१४ क्षेपणास्त्र, साडेचार हजार किलोमीटर पल्ल्याचं. १९६२ मध्ये क्युबाकडे निघालेल्या जहाजांवर तीच क्षेपणास्त्रं होती; ती तिथे पोचली नाहीत. जगाला युद्धाच्या कडेवर नेणाऱ्या त्याच जातीच्या यंत्राने आपला तीनशे साठ किलोचा पहिला उपग्रह नेला, आणि तोही कापुस्तिन यारवरूनच, जिथून १९४८ मध्ये आर-१ उडालं होतं. भास्कर उपग्रहही तिथूनच गेले. आयआरएस-१ए मात्र १९८८ मध्ये बैकोनूरवरून, आर-७ च्या वंशातल्या व्होस्तोकवर गेला.

क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाचा वाद अनेकांना आठवत असेल. ते केव्हीडी-१ इंजिन अलेक्सेई इसायेव्ह यांच्या कचेरीत तयार झालेलं, चंद्राच्या एन-१ रॉकेटाच्या सुधारित वरच्या टप्प्यासाठी. एन-१ बंद पडलं आणि इंजिन तसंच राहिलं. १९९१ मध्ये आपण ते तंत्रज्ञानासह घ्यायचा करार केला, १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला आणि फक्त तयार टप्पे दिले. मग आपल्या इस्रोच्या लोकांनी तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला स्वतः घाम गाळला. २०१० मध्ये पहिला प्रयत्न फसला, ५ जानेवारी २०१४ ला भारतीय क्रायोजेनिक टप्पा यशस्वी झाला. अशा इंजिनांचे भाग आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनतात. उद्या कुणी परदेशी लेखकाने लिहिलं की भारताने रशियाचं इंजिन आयतं घेतलं, तर आपल्याला सहन होईल का? वीस वर्षांची ती मेहनत एका ओळीत पुसली गेली, तर मला तरी होणार नाही. सोव्हिएत कारागिरांबाबत आपण नेमकं तेच करतो आहोत.

लेखात सरसकट ‘रशियन’ असं म्हटलं आहे, तिथेही थोडं थांबायला हवं. कोरोलेव्ह झितोमिरचे, ग्लुश्को ओदेसाचे. दोन्ही गावं युक्रेनमध्ये आहेत. यांगेल सैबेरियाचे, पण त्यांची कचेरी आणि कारखाना युक्रेनमधल्या द्निप्रोपेत्रोव्स्कला, ज्याला आता द्निप्रो म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२४ ला रशियाने मध्यम पल्ल्याचं नवं क्षेपणास्त्र डागलं ते याच शहरातल्या याच कारखान्यावर. आर्यभटाला नेणाऱ्या रॉकेटाचा वंश इथे जन्मला, हे माहीत असतं तर आपल्याकडे ती बातमी वेगळ्या मनाने वाचली गेली असती.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. जर्मनांविषयीच्या परिच्छेदाची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. आणि येत्या १९ एप्रिलला आर्यभटावर काही छापणार असाल, तर त्यात रॉकेटाचं नाव, ते मुळात कोणतं क्षेपणास्त्र होतं आणि त्याचा आराखडा कुठल्या शहरात निघाला, एवढ्या तीन ओळी असाव्यात. छायाचित्र हवं असल्यास उपग्रहासोबत रॉकेटाचंही घ्यावं.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त ब्रेझिंग फोरमन), चिंचवड, पुणे